रकान्यात नसलेली चाचणी

पेठ रोडवरचे खड्डे बुजवावेत म्हणून नाशिककर वर्षानुवर्षं ओरडत होते. ते बुजू नयेत असं वाटणारा माणूस अख्ख्या शहरात एकच होता, आणि शलाकानं त्याच्याशीच लग्न केलं होतं. निनाद खैरनारनं त्या रस्त्याचा हादरा न् हादरा मोजून संगणकात साठवला होता. वस्ती संपल्यावर लागणाऱ्या खडबडीत पट्ट्याला तो कौतुकानं ‘माझी प्रयोगशाळा’ म्हणायचा.

त्या रविवारी तो आईला घेऊन तिकडे निघाला तेव्हा शलाकाही सोबत होती. गाडी कंपनीची होती, चाचणीची. तिच्या चारही सीटखाली ‘सुखासन’ बसवलेलं होतं. काचेवरचा कॅमेरा समोरचा रस्ता वाचायचा आणि चाक खड्ड्यात उतरलं की त्याच क्षणी सीटखालच्या छोट्या मोटर सीटला तेवढंच वर उचलायच्या. चाक उसळलं की सीट तेवढीच खाली. गाडीनं कितीही उड्या मारल्या तरी बसलेला माणूस जागच्या जागी. एके काळी ट्रॅक्टरचे हॉर्न बनवणाऱ्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या लोणारी ऑटोइलेक्ट्रिक्सनं हे यंत्र तयार केलं होतं. त्यातलं डोकं निनादचं होतं. नव्या महागड्या गाड्यांत इतर कंपन्यांच्याही अशा सीट येऊ लागल्या होत्या.

“आई, पेला सरळ धर. एक थेंब सांडला तर नोकरी सोडतो,” निनाद म्हणाला.

मागच्या सीटवर कुमुदताई ताकाचा काठोकाठ भरलेला पेला धरून बसल्या होत्या. “तुझी नोकरी माझ्या हातात आहे तर,” त्या हसून म्हणाल्या.

या हसण्यामागे बरंच काही होतं. कुमुदताई सरकारी दवाखान्यात सिस्टर होत्या. लहान मुलांची शीर सापडेना, की डॉक्टर ‘खैरनार सिस्टरांना बोलवा’ म्हणायचे. निवृत्तीनंतर त्यांना कंपवातानं गाठलं आणि नेमका तो हातच त्यांचा राहिला नाही. दोन घास भरवून घ्यायची वेळ आली, तेव्हा त्यांनी मेंदूत यंत्र बसवून घेतलं. छातीच्या कातडीखाली बॅटरी, तिथून मानेतून वर गेलेली तार, आणि तारेचं टोक मेंदूच्या आत खोलवर. पूर्वीची अशी यंत्रं दिवसभर एकसारखे विजेचे ठोके देत राहायची. नवी यंत्रं आधी ऐकतात. कंपवात झालेल्या मेंदूत सेकंदाला साधारण वीस वेळा उठणारी एक लय माजते. ती वाढली की शरीर आखडतं. यंत्र त्या लयीवर कान ठेवून असतं. लय चढली की ठोके वाढवतं, उतरली की कमी करतं. ते बसवल्यापासून कुमुदताई सुईत दोरासुद्धा ओवत होत्या.

खडबडीत पट्टा सुरू झाला. बाहेरची झाडं काचेत वरखाली नाचायला लागली, पण ताकाच्या पेल्यावर तरंगही उठला नाही. निनाद आरशातून मागे बघत होता. शलाकानं टाळी वाजवायला हात उचलले, तेवढ्यात मागून पेला पडल्याचा आवाज आला.

कुमुदताईंचा डावा हात आपोआप उडत होता. खांद्यापासून झटके घेत, कुणी दोरीनं ओढावा तसा. तोंडातून शब्द जड, चोथा झालेले येत होते. निनादनं गाडी कडेला घेतली, दोघांनी त्यांना उतरवून बाभळीच्या सावलीत बसवलं. थोड्या वेळात हात शांत झाला, जीभही सुटली.

“ऊन बाधलं,” कुमुदताई म्हणाल्या. “आणि निनाद, नोकरी सोडू नकोस रे. तो थेंब नव्हता, पेलाच होता.”

त्याच दुपारी, मेंदूतलं यंत्र बसवणाऱ्या डॉ. शबाना इनामदारांनी ते तपासलं. ते ठणठणीत होतं. वयाचं, थकव्याचं काही असेल, लक्ष ठेवा, असं सांगून त्यांनी घरी पाठवलं.

*

लोणारींकडे शलाकाचं काम असं होतं, की ते नेमकं काय आहे हे तिला लग्नाकार्यात कुणाला पटकन सांगता येत नसे. वाहनात बसवायची विजेवर चालणारी कुठलीही वस्तू, अगदी साधा दिवा असो की वायपरची मोटर, परदेशी विकायची तर आधी त्या त्या देशाची मान्यता लागते. त्याला टाइप अप्रूव्हल म्हणतात. एका नमुन्याची कसून परीक्षा होते. तो पास झाला की त्याच्यासारखी निघणारी लाखो भावंडं परीक्षेला न बसताच पास. म्हणून तो एक नमुना आणि ती एक परीक्षा यांना इतकं महत्त्व. युरोपचा गोलात ‘ई’ कोरलेला शिक्का मिळाला की पुष्कळ देशांची दारं उघडतात. काही देश म्हणतात, तुम्हीच तपासा, तुम्हीच ग्वाही द्या, खोटं निघालं तर बघून घेऊ. चीनचं दार वेगळं, आखाताचं वेगळं. कुठल्या दारावर कशी थाप मारायची, हे शलाकाला ठाऊक होतं.

विजेच्या वस्तूंची एक परीक्षा हमखास असते. ती वस्तू भोवताली किती विद्युतचुंबकीय गोंगाट करते हे मोजतात, म्हणजे गाडीतला रेडिओ खरखरू नये, ब्रेकचा संगणक गोंधळू नये. त्यासाठी कंपनीत एक चेंबर होतं. बाहेरून लोखंडी, आतून भिंतीभर निळ्या फोमचे सुळके. आत गेलं की मोबाइल मुका. सुखासन त्या परीक्षेत पहिल्या झटक्यात पास झालं होतं. आता फक्त युरोपहून परीक्षक येणार, त्यांच्या डोळ्यांदेखत तीच परीक्षा पुन्हा होणार आणि शिक्का मिळणार. दोन परदेशी गाडी कंपन्या त्या शिक्क्याकडे डोळे लावून बसल्या होत्या. लोणारींनी नवी शेड बांधायला काढली होती. निनाद घरात शीळ घालत फिरत होता.

अशात एका सकाळी ऑफिसला जाताना शलाकाला कॉलेज रोडच्या सिटीबसच्या थांब्यावर कुमुदताई उभ्या दिसल्या. आदल्याच संध्याकाळी निनाद त्यांना म्हणाला होता, “आई, मैत्रिणीकडे जायचंय ना, गाडी पाठवतो.” आणि त्या “बरं” म्हणाल्या होत्या.

शलाकानं स्कूटर थांबवली. “आई, गाडी आली नाही का?”

“आली होती. परत पाठवली.” कुमुदताईंनी इकडेतिकडे पाहिलं. “तू निनादला सांगणार नसशील तर सांगते.”

“तसं वचन नाही देणार मी. पण सांगा.”

त्या थांब्याच्या बाकावर टेकल्या. “त्या रविवारनंतर तीनदा झालं. प्रत्येक वेळी त्याच गाडीत. चांगल्या रस्त्यावर काही नाही. खराब रस्ता लागला की हात उडतो. रिक्षात हाडं खिळखिळी होतात, पण हात जागेवर. बसमध्येही काही नाही. मी सिस्टर होते गं. औषध दिल्यावर पुरळ उठली आणि औषध थांबवल्यावर गेली, तर आम्ही औषधालाच धरायचो.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुझ्या नवऱ्याला मी तिसरीत गणितात नापास झालेलं पाहिलंय. तेव्हा रडला नव्हता. मागच्या महिन्यात ती खुर्ची पास झाली म्हणून स्वयंपाकघरात येऊन रडला. त्याला कुठल्या तोंडानं सांगू?”

बस आली, कुमुदताई चढल्या. शलाकानं स्कूटर ऑफिसकडे वळवली.

*

तिच्या डोक्यात जे आलं होतं ते इतकं सोपं होतं की भीती वाटावी. खराब रस्त्याचे हादरे सेकंदाला किती असतात? गाडीच्या वेगानुसार दहा, पंधरा, वीस. सुखासन त्यांना उलट उत्तर देतं, म्हणजे त्याच्या मोटरमधला प्रवाहही सेकंदाला तितक्याच वेळा उलटसुलट होतो. प्रवाह उलटला की भोवतालचं चुंबकीय क्षेत्र उलटतं. अशा मंद क्षेत्राला पातळ पत्रा अडवू शकत नाही. ते सीटमधून, माणसातून आरपार जातं. आणि कुमुदताईंच्या छातीपासून डोक्यापर्यंत एक तार गेलेली आहे. बदलत्या क्षेत्रात तार असली की तिच्यात वीज उमटते, हे दहावीच्या पुस्तकात असतं. अगदी किंचित वीज. पण जे यंत्र मेंदूची कुजबुज ऐकायला बनवलंय, त्याला ते किंचितही ओरडल्यासारखं ऐकू येणार. मेंदूतली वाईट लय चढली असं समजून ते ठोके वाढवणार. खुर्ची थांबेपर्यंत वाढवतच राहणार.

नियमातली परीक्षा मोजायची ती रेडिओला छळणाऱ्या वेगवान लहरी. सेकंदाला वीस ही गोष्ट इतकी खालची, की तिथं कुणी कान लावायचाच नाही. शिवाय परीक्षेत सीट एका ठरावीक संथ चालीवर चालवायची असते. पेठ रोडवर नव्हे.

दुसऱ्या दिवशी शलाकानं तांब्याच्या तारेचं वेटोळं करून सीटवर, माणसाची छाती येते त्या उंचीला बांधलं आणि निनादनं साठवलेला त्याचा लाडका खडबडीत पट्टा गाण्याच्या रेकॉर्डसारखा सीटला वाजवून दाखवला. पडद्यावर लाट उभी राहिली. ठळक, नियमित. सेकंदाला एकवीस.

संध्याकाळी तिनं निनादला चेंबरमध्येच बोलावलं आणि ती लाट, तिचे आकडे दाखवले. तो वाचत गेला तसा त्याचा चेहरा बंद होत गेला.

“हे आकडे काहीच नाहीत,” तो म्हणाला. “घरातल्या मिक्सरचं क्षेत्र याहून जास्त असतं.”

“मिक्सर सेकंदाला एकवीसच्या लयीत उलटत नाही. आणि मिक्सरवर कुणी बसत नाही.”

“आईला ऊन बाधलं होतं.”

“त्यानंतर तीनदा झालं, निनाद. तुला वाईट वाटू नये म्हणून त्या बसनं फिरतायत.”

निनादनं लाटेचा पडदा बंद केला. मग हळू आवाजात म्हणाला, “परीक्षक यायच्या तोंडावर तू माझ्याच आईला माझ्यासमोर उभं करतेयस.”

“त्या उभ्या आहेतच. बसस्टॉपवर.”

त्या वाक्याचा शलाकाला पुढे कितीतरी दिवस पश्चात्ताप झाला. निनाद निघून गेला. घरी दोघं मीठ दे, दार लाव एवढंच बोलू लागले. कुमुदताईंना काय झालंय हे कळायला वेळ लागला नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी ताट बाजूला सारलं.

“मी बसते त्या खुर्चीत,” त्या म्हणाल्या. “तुमच्या त्या निळ्या खोलीत. इनामदार डॉक्टरांना बोलवा. काय ते एकदा कळू दे. नाही झालं तर सुनेनं मुलाची माफी मागायची, झालं तर मुलानं सुनेची.”

“आई, तुला त्रास होईल असं मी करणार नाही,” निनाद म्हणाला.

“मी जन्मभर लोकांना सुया टोचल्या. त्रास किती आणि कशासाठी हे मला कळतं.”

*

डॉ. इनामदार आल्या त्या दोन अटी घालून: त्यांनी थांबा म्हटलं की तत्क्षणी थांबायचं, आणि ठोके एका मर्यादेपलीकडे जाणार नाहीत असं यंत्र त्या आधीच बांधून ठेवणार. यंत्र आत काय करतंय हे त्यांच्या हातातल्या पडद्यावर दिसत होतं. चेंबरच्या मधोमध सीट, त्यावर कुमुदताई, शेजारी डॉक्टर आणि शलाका. निनाद काचेपलीकडे, नियंत्रणाच्या टेबलाशी. हे काम दुसऱ्या कुणाकडे द्यायला त्यानं नकार दिला होता.

आधी त्यानं गुळगुळीत महामार्ग वाजवला. सीट अगदी हलकेच श्वास घेतल्यासारखी हलली. कुमुदताईंचे दोन्ही हात मांडीवर स्थिर होते. “बघितलंस?” निनादचा आवाज स्पीकरमधून आला. त्यात आशा होती.

मग पेठ रोड.

सुरुवातीला काहीच झालं नाही. डॉक्टरांनी पडद्यावरून मान वर न करता बोट उंचावलं. “ठोके चढतायत. अजून. अजून.” आणि कुमुदताईंचा डावा हात उठला. त्या त्याच्याकडे परक्या माणसाकडे बघावं तशा बघत होत्या.

डॉक्टरांनी ‘थांबा’ म्हणायच्या आधीच सीट थांबली होती. निनादनं ती बंद करून टाकली होती, आणि काचेपलीकडची खुर्ची रिकामी होती. तो दार उघडून आत आला आणि आईच्या पायाशी, जमिनीवर बसला. तिचा हात शांत होईपर्यंत त्यानं तो दोन्ही हातांत धरून ठेवला.

“ओव्हरडोस,” जीभ सुटल्यावर कुमुदताई म्हणाल्या. “औषध बरोबर, रोगी बरोबर. पण कुणीतरी मधेच खोटा ताप दाखवतंय, म्हणून डोस वाढतोय. इतकंच ना, डॉक्टर?”

“इतकंच,” डॉ. इनामदार म्हणाल्या. “आणि माझ्याकडे अशी यंत्रं बसवलेले कितीतरी लोक आहेत. अधूनमधून कुणी सांगतं, प्रवासात कसंतरी झालं. मी त्यांना पाणी पीत जा म्हणून सांगत आलेय.”

निनादनं वर बघितलं. “शलाका, मी—” तो म्हणाला.

“माफी घरी माग,” कुमुदताई म्हणाल्या. “इथं जमिनीवर बसून नको.”

*

यशोधन लोणारींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. वडिलांनी पत्र्याच्या शेडमध्ये सुरू केलेला कारखाना त्यांनी इथवर आणला होता. आरडाओरडा करण्यातले ते नव्हते.

“मॅडम, एक सरळ विचारतो. आपण नियम मोडतोय का?”

“नाही, साहेब. सगळ्या देशांचे सगळे नियम आपण पाळतोय.”

“मग परीक्षकांना शिक्का देऊ द्या. निनाद मागून दुरुस्ती करेल, पुढच्या मॉडेलमध्ये घालू. बाकी लोक हेच करतील.”

“एकदा त्या नमुन्यावर शिक्का बसला की तशाच लाखो सीट निघतील. त्यांच्यावर कोण बसेल हे आपल्याला कळणार नाही. अर्जाबरोबर एक ग्वाही जाते, साहेब: या वस्तूपासून माणसाला धोका असल्याचं आमच्या माहितीत नाही. त्यावर माझी सही असते. परवापर्यंत मी ती केली असती. आता माहितीत आहे.”

“म्हणजे सही करणार नाही.”

“नाही. तुम्ही दुसऱ्या कुणाला बसवू शकता. मी राग मानणार नाही.”

लोणारी उठून खिडकीशी गेले. खाली नव्या शेडचे खांब उभे राहिले होते. “दुसऱ्या कुणाला बसवलं तरी मला तर माहीत झालंच ना,” ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. “उगाच सांगितलंत.” पण आवाजात राग नव्हता.

परीक्षक बाई आल्या, त्यांचं नाव मार्गित सोल्नोकी. बुटक्या, करड्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी नियमाप्रमाणे परीक्षा घेतली. सुखासन पुन्हा पास झालं. शेवटी शलाकानं त्यांना वेटोळं, लाट आणि डॉ. इनामदारांची नोंद दाखवली. सोल्नोकीबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“माझ्या कागदात याला रकाना नाही,” त्या म्हणाल्या. “मी इथं जे मोजायला आले होते ते मोजलं, आणि ते बरोबर आहे. आज मी शिक्का दिला तर तो पूर्ण कायदेशीर असेल. त्यामुळे मी कंपनीला विचारते. तुम्ही तो मागताय का?”

शलाकानं लोणारींकडे बघितलं, निनादनं जमिनीकडे. 

“आज नाही मागत,” लोणारी म्हणाले. “दुरुस्त करून बोलावतो. तुम्ही परत याल ना?”

“मी येईनच,” सोल्नोकीबाई म्हणाल्या. मग शलाकाकडे वळून: “पण तुम्ही फक्त तुमची खुर्ची दुरुस्त केलीत तर बाकीच्यांच्या खुर्च्या तशाच राहतील. नियम जिनिव्हात, देशोदेशींच्या प्रतिनिधींच्या बैठकीत लिहिले जातात. ते आकाशातून पडत नाहीत. कुणीतरी जाऊन सांगावं लागतं.”

*

पुढचे महिने सोपे गेले नाहीत. एका परदेशी कंपनीनं थांबायला नकार देऊन दुसऱ्याकडून सीट घेतली. नव्या शेडचं काम अर्ध्यात थांबलं. कारखान्यात काही जण शलाकाला बघून बोलणं बंद करू लागले, आणि ते तिला लागायचं.

निनाद मात्र पुन्हा पहिल्यासारखा कामाला लागला. त्यानं मोटर जोडीजोडीनं बसवल्या. एकीचं क्षेत्र उजवीकडे ओढेल तेव्हा दुसरीचं डावीकडे, म्हणजे दोघी एकमेकींना खोडतील. तेवढ्यानं भागेना, तेव्हा त्यानं मोटरना हादऱ्याचं उत्तर देण्याची लय किंचित विस्कटायला शिकवलं. तबल्याचा ठेका वेगळा आणि पत्र्यावर पडणाऱ्या गारांचा आवाज वेगळा. गारांत कुणाला लय ऐकू येत नाही. मेंदूतल्या यंत्राला आता तसंच काहीतरी ऐकू जाणार होतं, आणि ते त्याकडे दुर्लक्ष करणार होतं. वेटोळ्यातली लाट आधी बुटकी झाली, मग पडद्यावरच्या खरखरीत विरून गेली. पहिली चाचणी करताना निनाद स्वतः सीटवर बसला. त्याला काही कळणार नव्हतं, तरी बसला. मग डॉ. इनामदारांच्या देखरेखीखाली कुमुदताई बसल्या, आणि पेठ रोड अख्खा वाजून संपला तरी त्या शलाकाला आमसुलाच्या साराची कृती सांगत राहिल्या.

या सगळ्याच्या मधेच कधीतरी शलाकानं सीटखालच्या मंद क्षेत्रासाठी नव्या चाचणीचा मसुदा लिहिला. देशाच्या प्रतिनिधी मंडळानं तो उचलून धरला आणि मांडायला तिलाच सोबत नेलं.

जिनिव्हातलं सभागृह तिला वाटलं होतं त्यापेक्षा साधं निघालं. लांब लांब टेबलं, देशांच्या पाट्या, आणि भिंतीत काचेच्या खोल्यांमध्ये बसलेले दुभाषे. कानाला लावायच्या यंत्रातून त्यांचा आवाज यायचा. शलाका इंग्रजीत बोलली. लाट दाखवली, कुमुदताईंबद्दलची डॉ. इनामदारांची नोंद दाखवली, निनादची जोडीची मोटर दाखवली, चाचणीला फारसा वेळ आणि महागडं उपकरण लागत नाही हे सांगितलं. मग एका देशाचे प्रतिनिधी आपल्या भाषेत बोलू लागले आणि कानात दुभाष्याचा शांत, घोटीव इंग्रजी आवाज आला.

“प्रस्ताव रोचक आहे. पण नव्या चाचणीचा भार साऱ्या जगावर पडतो. अशा तक्रारी किती आहेत? आमच्या देशात नोंदलेली एकही नाही. एका स्त्रीच्या अनुभवावर नियम करायचा का?”

प्रश्न वावगा नव्हता. शलाकानं माइक पुढे ओढला.

“तक्रारी नाहीत, कारण तक्रार कशाबद्दल करायची हेच कुणाला माहीत नाही. माझ्या सासूबाई परिचारिका होत्या. त्यासुद्धा पहिल्यांदा म्हणाल्या, ऊन बाधलं. डॉक्टर म्हणाल्या, थकवा. माझे पती ती सीट बनवणारे; त्यांना तर ते दिसूच शकत नव्हतं. ज्याला त्रास होतो तो स्वतःला दोष देतो आणि बसनं जायला लागतो. त्याची नोंद कोण करणार?”

 तिच्या बोलण्याचं भाषांतर संपायची सगळे वाट बघत होते. पण ऐकणाऱ्यांच्या कानातला दुभाष्याचा आवाज मधेच थांबला. लोक एकमेकांकडे, मग काचेच्या खोलीकडे बघू लागले. आत पन्नाशीचा, उंच, टक्कल पडलेला एक माणूस उभा राहिला होता.

“अध्यक्षांची परवानगी असेल तर,” तो माइकमध्ये म्हणाला, “पुढचं वाक्य कुणाचंही भाषांतर नाही. ते माझं आहे.”

अध्यक्ष गोंधळले, पण त्यांनी मान हलवली.

“माझ्याही छातीत ते यंत्र आहे. दोन वर्षं मी नव्या गाड्यांत बसलेलो नाही. घरापासून इथं चालत येतो. बसलो की हात उडायचा. मला वाटत होतं, मी भित्रा झालोय.”  “क्षमा करा. आता पुन्हा भाषांतर सुरू करतो.”

त्या दिवशी नियम झाला नाही; नियम तसे एका बैठकीत होत नसतात. अभ्यासगट नेमला गेला. तपास सुरू झाल्यावर हळूहळू ठिकठिकाणच्या डॉक्टरांकडून माणसं पुढे येऊ लागली, आणि अखेर ती चाचणी नियमात दाखल झाली. प्रश्न विचारणाऱ्या त्या प्रतिनिधींनीच तिच्या बाजूनं पहिला हात वर केला. सोल्नोकीबाई नाशिकला परत आल्या त्या नवा रकाना असलेला कागद घेऊन. लोणारींची शेड पूर्ण झाली, आणि परीक्षेत अडकलेल्या दुसऱ्या सीट कंपन्या निनादच्या जोडीच्या मोटर मागायला अंबडला येऊ लागल्या.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी बैठक सुटली तेव्हा दुभाषा शलाकाची वाट बघत बाहेरच्या पायऱ्यांवर उभा होता. त्याचं नाव एत्येन. त्याला काय बोलावं ते सुचत नव्हतं, आणि जन्मभर दुसऱ्यांचे शब्द बोलणाऱ्या माणसाला तसं होणं साहजिकच होतं.

“तुमच्या सासूबाई,” तो शेवटी म्हणाला, “आता बऱ्या आहेत?”

“तुम्हीच विचारा ना,” शलाका म्हणाली आणि तिनं घरी व्हिडिओ कॉल लावला.

पडद्यावर आधी निनादचा कान दिसला, मग छत, मग कुमुदताई. शलाकानं दोन वाक्यांत सांगितलं, हे कोण आणि यांचं काय झालं. कुमुदताईंनी चष्मा सरळ केला आणि मोबाइलच्या अगदी जवळ येऊन त्या परक्या माणसाला निरखून बघितलं, जसं वॉर्डमध्ये नव्यानं आलेल्या रोग्याला बघायच्या. इंग्रजी त्यांना चांगलं येत होतं, पण त्या क्षणी ते त्यांच्या लक्षातच राहिलं नाही.

“हात पुढे करा बघू,” त्या मराठीत म्हणाल्या.

शलाका भाषांतर करायला तोंड उघडणार, तोवर एत्येननं कोटाची बाही मागे सारून डावा हात पडद्यासमोर धरला होता. बोटं पसरलेली, तळवा खाली. तलावाकडून गार वारा येत होता. हात जराही हलला नाही.

“छान,” कुमुदताई म्हणाल्या. “आता दुसरा.”